नाइलाजाचं साम्राज्य

रोज एक हजार माणसं.

वॉरहॅमर ४०,००० या खेळाच्या विश्वात एका सिंहासनाची ही रोजची भूक आहे. त्यावर मानवजातीचा सम्राट बसला आहे. बसला आहे असं आपण म्हणायचं. दहा हजार वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलाशी लढताना प्राणघातक जखमी झालेला त्याचा देह तिथे यंत्रांच्या आधारानं टिकवून धरला आहे. तो मेलेला नाही, आणि त्याला जिवंत म्हणायला जीभ धजत नाही. ग्रहाग्रहांवर अतींद्रिय शक्ती घेऊन जन्मलेली माणसं, ज्यांना तिथे सायकर म्हणतात, काळ्या जहाजांतून गोळा करून टेरावर, म्हणजे आपल्याच पृथ्वीवर, आणली जातात. काहींना प्रशिक्षण देऊन कामाला लावतात. उरलेल्यांतून सिंहासनाचा रोजचा रतीब चालतो.

हे सगळं कशासाठी, तर ॲस्ट्रोनॉमिकन नावाचा एक दीप विझू नये म्हणून. जहाजांना ताऱ्यांमधली अंतरं कापायची असतील तर वॉर्प नावाच्या एका खवळलेल्या मितीतून जावं लागतं, आणि तिथे दिशा दाखवणारा तेवढा एकच प्रकाश आहे. तो गेला तर दहा लाख ग्रहांचं साम्राज्य तुटून विखरेल, कुठे धान्य पोचणार नाही, कुठे सैन्य पोचणार नाही. शिवाय सिंहासनाखाली एक फुटलेलं दार आहे. सम्राटाच्या इच्छाशक्तीनं ते बंद राहिलं आहे. तो गेला की त्या दारातून राक्षस थेट टेरावर उतरतील. एका बाजूला हजार जीव, दुसऱ्या बाजूला अब्जावधी. बेरीज कोणीही करून पाहावी, उत्तर तेच येतं.

मला या हजाराच्या आकड्यानं कधीच सोडलेलं नाही. खेळातल्या सैनिकांच्या चिमुकल्या मूर्ती, म्हणजे मिनिएचर, रंगवताना, रूलबुक चाळताना, डाव मांडताना तो डोक्यात असतोच. काल्पनिक विश्वांमध्ये क्रौर्याला तोटा नसतो. पण इथे क्रौर्याच्या शेजारी त्याचा हिशेब मांडून ठेवलेला आहे आणि तो हिशेब बरोबर आहे. या विश्वात तुम्ही कोणालाही विचारा, पाखंड हुडकून काढणाऱ्या इन्क्विझिटरला, सेनापतीला, धर्मगुरूला, यंत्रपूजकाला, सगळे एकच सांगतील: दुसरा इलाज नाही. मला वाटतं, त्या विश्वातला सर्वांत बलाढ्य देव हाच आहे आणि त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. आणि मला असंही वाटतं की या खेळाचं पुराण नीट, शांतपणे वाचलं तर तेच या देवाचं पितळ उघडं पाडतं.

खेळ मुळात टेबलावरचा. १९८७ मध्ये इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपनं तो बाजारात आणला, रचनाकार रिक प्रिस्टली. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक आपण स्वतः जोडायचे, रंगवायचे, इंचांच्या टेपनं अंतर मोजत हलवायचे आणि सहा बाजूंचे फासे टाकून कोण जगलं कोण मेलं ते ठरवायचं. पुराण त्याच्याभोवती हळूहळू साचत गेलं, आणि कधीकधी अगदी व्यावहारिक कारणानं साचलं. १९८८ मध्ये याच विश्वातला, अजस्र चालत्या यंत्रांच्या लढाईचा खेळ आला. दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळे साचे करणं परवडणारं नव्हतं, म्हणून पेटीत दोन्हीकडे एकाच साच्यातली यंत्रं होती. मग माणसांची यंत्रं माणसांच्याच यंत्रांशी का लढताहेत? त्याचं उत्तर म्हणून यादवी युद्ध रचलं गेलं: होरस हेरेसी. सम्राटाचा लाडका पुत्र होरस उलटला आणि अर्धं सैन्य त्याच्याबरोबर गेलं. साचा एक होता म्हणून भाऊ भावावर उठला. या एका सोयीतून पुढे कादंबऱ्यांची जी मालिका उगवली ती २००६ ते २०२४ एवढा काळ चालली. मला हे फार आवडतं. कथेला जन्म कुठल्याही कारणानं मिळो, ती खरी ठरते ती पुढच्या लोकांनी तिच्यात जीव ओतल्यामुळे.

सम्राटाचे पुत्र, प्रायमार्क, वीस. त्यांतल्या दुसऱ्या आणि अकराव्याची नावं नोंदींमधून पुसून टाकलेली आहेत आणि लेखकांनी ती जागा आजतागायत कोरीच ठेवली आहे. उरलेल्या अठरांतले नऊ निष्ठावान, नऊ द्रोही. या अठरांमध्ये मी पुन्हापुन्हा ज्याच्यापाशी येतो तो लोरगार.

लोरगार श्रद्धाळू. कोल्किस नावाच्या धर्मवेड्या ग्रहावर पुजाऱ्यांच्या हाताखाली वाढलेला. एक तेजस्वी पुरुष येणार अशी स्वप्नं त्याला पडत, आणि एके दिवशी सम्राट खरोखरच आकाशातून उतरला. हाच देव, अशी त्याची खूणगाठ बसली. अडचण एवढीच होती की सम्राट नेमका उलटं शिकवत निघाला होता. देव नाहीत, आत्मे नाहीत, धर्म ही माणसाच्या बाल्यावस्थेतली चूक आहे. हेच त्याचं इम्पीरियल सत्य आणि त्यासाठी जिंकलेल्या ग्रहांवरची देवळं पाडली जात होती. लोरगार मात्र जिंकलेल्या ग्रहांवर सम्राटाचीच मंदिरं उभारत राहिला. कित्येक वर्षं त्याला कोणी अडवलं नाही. मग खुर या ग्रहावरचं मोनार्किया, त्याचं सर्वांत देखणं, सर्वांत भक्तिमय शहर, सम्राटाच्या हुकमावरून लोरगारचाच भाऊ गिलिमन याच्या सेनेनं जाळून राख केलं. त्या राखेत लोरगारला त्याच्या सबंध सेनेसह गुडघे टेकायला लावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तुझं आयुष्य फुकट गेलं.

पूजेशिवाय जगूच न शकणारा माणूस हा. त्याच्याकडून त्याचा देव काढून घेतला आणि त्या जागी काहीही दिलं नाही. त्यानं दुसरे देव शोधले. ते त्याला वॉर्पमध्ये सापडले आणि त्यांनी त्याला मोठ्या प्रेमानं जवळ घेतलं. होरसच्या पतनाचं बी तिथे पडलं.

पण कथेचा खरा पीळ पुढेच आहे. लोरगारनं श्रद्धेच्या भरात सम्राटाच्या देवत्वावर एक ग्रंथ लिहून ठेवला होता. तो स्वतः द्रोही झाला, ग्रंथ मात्र गुपचूप हातोहात फिरत राहिला. सम्राट सिंहासनावर निश्चल झाल्यावर त्याच ग्रंथावर साम्राज्याचा धर्म उभा राहिला. आज, म्हणजे ४१ व्या सहस्रकात, सम्राट देव नाही असं जो म्हणेल त्याला जाळतात. सम्राटाचं स्वतःचं मत तेच होतं! २०१७ मध्ये कथेत गिलिमनला पुन्हा जागं केलं गेलं, दहा हजार वर्षांच्या निद्रेतून. ज्यानं मोनार्किया जाळलं, त्याला आता सम्राटाच्या देवळांनी भरलेल्या ग्रहांवर राज्य करायचं आहे आणि पुजारी त्यालाच देवाचा पुत्र म्हणून ओवाळताहेत. या एका प्रसंगासाठी मी या विश्वाचे बाकीचे सगळे दोष माफ करायला तयार आहे.

आता ते फुटलेलं दार. ते फुटलं कसं, याची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

वॉर्पमध्ये भुकेल्या शक्ती आहेत हे सम्राटाला ठाऊक होतं. त्यानं ते मुलांपासून लपवलं. का, तर माहिती हाच धोका. नाव कळलं की मोह होतो. नाइलाज. सिंहासनाखाली तो एक गुप्त प्रकल्प उभारत होता: वॉर्पला वळसा घालून जाणारा प्राचीन मार्ग माणसांसाठी खुला करायचा, म्हणजे त्या खवळलेल्या मितीतून कधी जावंच लागणार नाही. हेही कोणाला सांगितलं नाही. मॅग्नस हा त्याचा सर्वांत प्रज्ञावान पुत्र, मंत्रविद्येत पारंगत. त्याला त्या सिंहासनावर बसवायचा बेत होता आणि ते खुद्द मॅग्नसलाही माहीत नव्हतं. उलट त्याची विद्याच सम्राटानं बंद करायला लावली. होरस बिघडतो आहे हे मॅग्नसला दिसलं तेव्हा बापाला तातडीनं कळवायला हवं म्हणून त्यानं मनाई मोडून मंत्रबळानं निरोप पाठवला. तो निरोप टेरावर पोचला तो त्या गुप्त मार्गाच्या तटबंदीला भगदाड पाडूनच. राक्षस आत शिरले. तेव्हापासून ते दार कोणीतरी धरून ठेवावं लागतं, आणि धरणारा जखमी झाल्यावर त्याला टिकवायला रोज हजार माणसं लागतात.

म्हणजे सुरुवातीचा तो हिशेब बरोबर आहे, पण मांडायला मधूनच घेतलेला आहे. आज हजार जिवांना पर्याय नसेलही. पण कालपर्यंत होता. एका बापानं मुलांना खरं सांगितलं असतं तर ते दार फुटलं नसतं. नाइलाजालाही जन्मतारीख असते आणि ती शोधत मागे गेलं की बहुतेक वेळा कोणाची तरी खुशीची निवड सापडते. साम्राज्याच्या इतिहासात ही तारीख जाणूनबुजून पुसलेली आहे, म्हणून प्रत्येक पिढीला वाटतं की जग पहिल्यापासून असंच होतं.

वॉर्पचा स्वभाव पाहिला की हा मुद्दा आणखी गडद होतो. तिथल्या त्या भुकेल्या शक्ती, म्हणजे केऑसचे चार देव, कुठून परके म्हणून आलेले नाहीत. सजीवांच्या भावनांचे ते साठे आहेत. खॉर्न संतापावर पोसतो, झीन्च कारस्थानावर आणि बदलाच्या आशेवर, स्लानेश अतिरेकावर, नर्गल निराशेवर आणि सडण्यावर. आता अशा शत्रूशी लढताना साम्राज्य काय करतं? प्रजेला द्वेष शिकवतं, भीतीत ठेवतं, कारखान्यांत पिचवतं, गुन्हेगारांचा मेंदू पुसून त्यांना यंत्रांचे सुटे भाग करतं. म्हणजे शत्रूच्या कोठारात स्वतःच्या हातानं धान्य भरतं. खॉर्नला रक्त कोणाचं सांडलं याच्याशी कर्तव्य नसतं, हे तर या खेळातलं पोरही जाणतं. पण त्यातून निघणारा अर्थ साम्राज्यातलं कोणी मोठ्यानं बोलत नाही: तिथे दया ही चैन नाही, युद्धसामग्री आहे.

या काळोखात मला एक देवी दिसते. एल्डार ही माणसांहून कितीतरी जुनी जमात. त्यांच्या विलासाच्या अतिरेकातून स्लानेश जन्मला आणि जन्मताच त्यानं त्यांचे बहुतेक सगळे देव गिळले. इशा ही आरोग्याची, उभारणीची देवी. तिला नर्गलनं स्लानेशच्या तावडीतून सोडवलं आणि आपल्या बागेत पिंजऱ्यात ठेवलं. रोगांचा हा देव भक्तांना आजोबासारखा माया लावतो, त्याची इशावरही त्याच्या परीनं माया आहे. नवा रोग कढईत शिजला की पहिला घोट तो इशाला पाजतो. ती सोसते, बरी होते. आणि त्याची पाठ फिरली की त्या रोगाचा उतारा मर्त्य जिवांच्या कानात कुजबुजते. संपूर्ण पुराणात मला याहून सुंदर काही सापडलेलं नाही. शापांनी भरलेल्या या विश्वात उःशाप देणारी ही बहुधा एकटीच, आणि ती कैदेत आहे. तिच्यापाशी बेरजा-वजाबाक्या नाहीत. अमुक इतके वाचणार असतील तरच सांगीन, असं ती म्हणत नाही.

जीनस्टीलर कल्टची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण तिथे मी स्वतः डगमगतो. खाणींमध्ये, कारखान्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लोक. त्यांच्यात एक परका जीव शिरतो आणि त्याचं रक्त कुटुंबांमधून पसरत जातं. हे लोक एकमेकांना धरून राहतात. साम्राज्यानं त्यांना जे कधीच दिलं नाही ते, आपलेपणा, सन्मान, उद्याची आशा, त्यांना या पंथात मिळतं. आकाशातून तारणहार येणार अशी त्यांची श्रद्धा असते. ते खाणीतली अवजारं घेऊन उठाव करतात, आणि उठाव न्याय्यच असतो. मग तारणहार येतात. ते टायरनिड असतात, ग्रहच्या ग्रह ओरपून पुढे जाणारी झुंड. ती या भक्तांनाही सोडत नाही. हे वाचून काही खेळाडू म्हणतात, बघा, बंड करणारे शेवटी शत्रूचेच हस्तक निघाले, साम्राज्याचंच खरं. मला ते मुळीच पटत नाही. ज्या खाणीत माणसाला माणूस म्हणून वागवलं असतं तिथे त्या परक्या जिवाला घर मिळालं असतं का? त्या पंथाच्या मिनिएचरच्या हातातली ड्रिल आणि सुरुंगाची वात बारकाईनं रंगवताना मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते, ते हरणार आहेत आणि जिंकले तर त्याहून वाईट हरणार आहेत हे माहीत असूनही.

क्रीग या ग्रहाबद्दल थोडक्यातच. तिथल्या राज्यकर्त्यांनी बंड केलं, एका निष्ठावान कर्नलनं स्वतःच्याच ग्रहावर अण्वस्त्रं डागली, ५०० वर्षं यादवी चालली. आता तिथली मुलं जन्मतात ती पूर्वजांचं पाप फेडण्यासाठी, तोंडावर वायूचा मुखवटा चढवून खंदकात मरण्यासाठी. खेळाडूंमध्ये ही सेना फार लोकप्रिय आहे. देखणी आहेच. पण कर्ज कोणी घेतलं आणि फेडतं कोण, हे एकदा मनात आलं की तो मुखवटा रंगवताना हात जड होतो.

हा खेळ नुसता वाचायचा असता तर मी इतका गुंतलो नसतो. टेबलावर हुकूम आपण देतो. साध्या पायदळाची दहा माणसं एका पुलाच्या तोंडाशी उभी करायची, कारण ती मरेपर्यंत शत्रूची एक फेरी वाया जाईल आणि तेवढ्यात आपलं मोठं यंत्र मोक्याच्या जागी पोचेल. हे चांगलं खेळणं आहे. गुण जागा धरण्याचे मिळतात, माणसं वाचवल्याचे नाहीत. ज्यांच्या डोळ्यांत मी एका केसाच्या ब्रशनं बुबुळं भरली ती माणसं मी मुठीनं उचलून बाजूला ठेवतो आणि मनात म्हणतो, इलाज नव्हता. त्या क्षणी त्या विश्वातल्या सेनापतीची भाषा माझ्या तोंडात असते. कुठल्याही कथेनं मला हे इतकं जवळून दाखवलेलं नाही.

हे सगळं बाहेरच्या जगातही सांडतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये, एका स्पर्धेला एक खेळाडू नाझी चिन्हांचे कपडे घालून आल्यानंतर, कंपनीनं जाहीर निवेदन काढलं: इम्पीरियम, म्हणजे खेळातलं साम्राज्य, हा सावधगिरीचा इशारा आहे, आदर्श नाही, द्वेष हा त्या साम्राज्याचा स्थायीभाव आहे, या छंदाचा नाही. काहींना ते निवेदन अनावश्यक वाटलं, एवढं तर कोणालाही कळतं म्हणाले. मला ते आवश्यक वाटलं, आणि उशिराचं वाटलं. कारण सोन्याचा मुलामा दिलेली चिलखतं, लाल मेणाच्या मोहोरा, गरुडांची निशाणं हे सगळं डोळ्यांना फार गोड लागतं. दहा हजार वर्षांची भव्यता समोर उभी केली की तिच्या पायाखाली काय आहे ते पाहायला वाकावं लागतं, आणि सगळेच वाकत नाहीत. चित्रकार जॉन ब्लँशच्या जुन्या चित्रांमध्ये ती कुजकी बाजू सोन्याबरोबरच दिसायची. कवट्या, नळ्या, झिजलेली माणसं एकाच चौकटीत. अलीकडच्या गुळगुळीत, झळाळत्या नायकांमध्ये मला ती कमी दिसते आणि याचं मला वाईट वाटतं.

आर्मागेडॉनच्या पहिल्या युद्धाची गोष्ट म्हणूनच मी नव्या खेळाडूंना आवर्जून सांगतो. या औद्योगिक ग्रहावर द्रोही प्रायमार्क अँग्रॉन राक्षसांची फौज घेऊन उतरला. स्पेस वुल्व्ह्‌ज आणि ग्रे नाइट्स या साम्राज्याच्या दोन सैन्यांनी त्याला परतवलं. ग्रह वाचला. मग इन्क्विझिशननं, म्हणजे इन्क्विझिटरांच्या संघटनेनं, ठरवलं की राक्षस डोळ्यांनी पाहिलेले लोक धोकादायक आहेत. त्याच ग्रहासाठी लढलेल्या, तगलेल्या लोकांचं निर्बीजीकरण करून त्यांना छावण्यांमध्ये मरेपर्यंत राबवायचं आणि ग्रहावर नवी वस्ती आणून बसवायची. स्पेस वुल्व्ह्‌जचा नायक लोगन ग्रिमनार याच्या विरोधात उभा राहिला. जी माणसं हाताशी लागली ती त्यानं जहाजांत भरून बाहेर काढायचा प्रयत्न केला, आणि इन्क्विझिशननं त्या जहाजांवर तोफा डागल्या. दोन निष्ठावान सैन्यांमध्ये युद्ध पेटलं. पुराणात त्या काळाला लाजेचे महिने म्हणतात.

यानंतर सुमारे ५०० वर्षांनी आर्मागेडॉनवर पुढचं महायुद्ध आलं. ते आणलं ऑर्क नावाच्या परक्या लढाऊ जमातीनं. ज्यांना छावण्यांमध्ये संपवलं त्यांच्या डोक्यात काय उरलं होतं याच्याशी त्या संकटाचा तीळमात्र संबंध नव्हता.

लाजेच्या महिन्यांवर आम्ही एक डाव रचला आहे. टेबलाच्या एका कडेला निर्वासित, दुसऱ्या कडेला त्यांना नेणारं यान, मध्ये पडझड झालेलं शहर. माझ्याकडे वुल्व्ह्‌ज, मित्राकडे ग्रे नाइट्स आणि एक इन्क्विझिटर. मला गुण निर्वासित यानापर्यंत पोचवण्याचे, त्याला ते अडवण्याचे. मित्र हा डाव मन लावून खेळतो आणि आपली बाजू मनापासून मांडतो. एकाच्याही मनात राक्षसाचा अंश उरला असेल आणि तो दुसऱ्या ग्रहावर उतरला तर तिथल्या कोट्यवधींचं रक्त कोणाच्या माथी, असं तो विचारतो. मी म्हणतो, संशयितांना वेगळं ठेव, तपास, वेळ घे. तोफ हे पहिलं उत्तर का? तो म्हणतो, वेळ नाही. मी विचारतो, वेळ नाही हे कोणी ठरवलं? इथे तो थांबतो, मग फासे टाकतो. शेवटच्या वेळी जेमतेम निम्मे निर्वासित यानात चढले आणि गुणांची बरोबरी झाली. पुढच्या वेळी बाजू बदलायच्या असं ठरलं आहे. इन्क्विझिटर माझ्याकडे येईल, बंदुकीच्या पल्ल्यात निर्वासित येतील आणि जिंकायला मला तेवढेच गुण हवे असतील. तेव्हा मी काय करतो ते मला बघायचं आहे.